लाल लोकरीची जुडी

त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या फाशात रोज बीव्हर यायचा आणि माझ्या फाशात रोज बर्फ. एवढंच झालं असतं तर मी गिळलं असतं. पण बाबा तिचं कौतुक करायचे, तेही माझ्यासमोर, चहाचा घोट घेत.

"जेमायमाला कान आहे. गोठलेल्या ओढ्यावर पहार मारली की आवाजावरून सांगते, खाली पोकळ आहे की भरीव," म्हणायचे.

कान म्हणे! पहार हातात कशी धरायची ते तिला शिकवलं कोणी? मी. फासा काठीला कसा बांधायचा, बीव्हरच्या घराच्या तोंडाशी, बर्फाखाली, त्याच्या आवडीच्या पॉप्लर झाडाची ओली फांदी कशी रोवायची, हे सगळं मीच शिकवलं. तिला छातीचं दुखणं झालं आणि चार वर्षं दक्षिणेच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा बाबांबरोबर फासे बघत हा ओढा कोण चालत होतं? मी, डॉर्कस. ही गोरी-गोमटी होऊन परत आली आणि दोन हिवाळ्यांत बाबांची लाडकी झाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात बाबांचे गुडघे गेले होते. वसंतात रानहंस परतले की ओढा, म्हणजे त्यावरचा शिकारीचा हक्क, कोणाच्या तरी हवाली करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. भाऊ नाही आम्हाला. म्हणजे ती नाहीतर मी. मला तो ओढा हवा होता. दुसरं काही मी आयुष्यात मागितलं नव्हतं.

एकदा मी धीर करून विचारलंच, "बाबा, मी थोरली आहे ना?"

"आहेस की," ते म्हणाले. "पण प्राणी वय बघून येत नाही, डॉर्कस. त्याचा मान राखला की आपणहून येतो. ओढा स्वतःच ज्याला बीव्हर देतोय, त्याला मी कोण अडवणार?"

जेमायमा खाली मान घालून कातडं ताणत बसली होती. लबाड मेली.

हिवाळ्याच्या सुरुवातीला मलाही तीन बीव्हर मिळाले होते. मग एकदम बंद. मी बीव्हरनं घातलेल्या बांधाजवळ फासे लावून पाहिले, काठालगत लावले, फांद्या बदलल्या. काही नाही. आणि ही रोज घसरगाडी ओढत यायची, गाल लाल, वर म्हणायची, "ताई, उद्या तुलाच मिळेल बघ."

"तू तुझं बघ," मी म्हणायची.

मग एका सकाळी मला तिचं गुपित दिसलं. तंबूमागच्या झाडाला, कुत्र्यांच्या उडीच्या वर, हाडांची जुडी टांगलेली होती. बीव्हरचीच हाडं. धुतलेली, लाल लोकरीनं नीट बांधलेली. अच्छा, म्हटलं, असं आहे होय! लाल लोकर काय, सजावट काय! बाबा हाडं साध्या दोरीनं बांधतात. हिला मात्र मिरवायचं.

बीव्हरची हाडं उंच टांगायची किंवा पाण्यात परत सोडायची, कुत्र्याच्या तोंडी जाऊ द्यायची नाहीत, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत. गेली, की ज्यानं मारला त्याच्याकडे बीव्हर पुन्हा फिरकत नाही. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी केलं.

दुपारी ती आणि बाबा वरच्या बांधाकडे गेले. मी जुडी खाली काढली आणि म्होरक्या कुत्र्यापुढे टाकली. कडाकडा आवाज आला. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मी पाठ फिरवली.

परत आल्या आल्या तिचं लक्ष झाडाकडे गेलं. मग कुत्र्याकडे. त्याच्या जबड्यात लाल धागा अडकला होता. ती बर्फात मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"दोर सुटला असेल," मी म्हणाले. "एवढं काय त्यात? तुला काय, उद्या आणखी दहा मिळतील."

"माझी नव्हती गं ती," जेमायमा म्हणाली. "तुझी होती."

"माझी?"

"तुझ्या तिन्ही बीव्हरची. तू तंबूमागे टाकून दिली होतीस ना, नंतर बघू म्हणून? बर्फात रुतली होती. एकेक उकरून काढली मी. माझी मी त्याच दिवशी बर्फाच्या भोकातून पाण्यात सोडते. तुझी दोन-चार अजून सापडायची होती, म्हणून टांगली. सगळी जमली की सोडणार होते. म्हटलं, मग ताईच्या फाशात येतील."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि ती लाल लोकर?"

"तू दवाखान्यात पाठवलेले हातमोजे नाहीत का? उसवले ते. तुझ्या हाडांना तुझीच लोकर, म्हटलं."

ते मोजे मी दिव्याच्या उजेडात विणले होते, ती मरेल या भीतीनं. लोकर माझ्या हातात होती आणि मी ओळखली नाही.

बाबा काठीवर रेलून उभे होते. दोर आपोआप सुटत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कुत्र्याच्या दातांतून तो धागा सोडवला आणि माझ्या हातावर ठेवला. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

रानहंस आले त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. ते बोलायच्या आधी मीच म्हणाले, "ओढा जेमायमाला द्या." मनातून द्यायचा नव्हता. पण म्हणाले. निदान एका गोष्टीत तरी मी तिच्या पुढे जाईन, असं वाटलं होतं.

जेमायमानं माझा हात धरला. "बाबा, नाव माझं लावा हवं तर," ती म्हणाली, "पण ताई नसेल तर मी एकटी नाही जायची."

आणि बाबांनी तिच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं, ज्या नजरेसाठी मी जन्मभर तो ओढा चालले. हात तिच्या हातात होता आणि माझी आग आग होत होती. इथेही मेली पुढेच.