ताण आला की थांबायचं

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना आपला कुत्रा वडिलांच्या गळ्यात मारून गेली. कुत्र्याचं नाव शहाणा. हे नाव कुणी ठेवलं, ते घरात आता कुणीच कबूल करत नव्हतं.

वडील घड्याळजी. चिमट्याने तिळाएवढा स्क्रू उचलताना त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी मात्र तो हात खांद्यातून निखळायची वेळ आली. फाटक उघडलं आणि शहाणा सुसाट सुटला. मागोमाग पट्टा धरून घड्याळजी. एक चप्पल पायात, दुसरी फाटकात.

“ए शहाण्या, थांब!” ते ओरडले.

समोरून सायकलवर येणारा पोस्टमन खरोखरच थांबला. “शहाणा कोणाला म्हणता हो?”

“तुम्हाला नाही, कुत्र्याला!”

“मग माझ्याकडे बघून का ओरडलात?”

याचं उत्तर देईपर्यंत घड्याळजी कोपऱ्यावरून दिसेनासे झाले होते.

रात्री त्यांनी मुलीला फोन लावला. “बाबा, तो ओढतो आणि तुम्ही त्याच्यामागे जाता,” ती म्हणाली. “मग तो का थांबेल? पट्ट्याला ताण आला की थांबायचं. खांबासारखं. पट्टा सैल झाला की चालायचं. शेजारी चालला तर खाऊ द्यायचा. बस्स.”

दुसऱ्या दिवशी खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे भरून घड्याळजी निघाले. दोन पावलं, ताण, थांबा. एक पाऊल, ताण, थांबा. वीस मिनिटांत ते शेजारच्या घरापर्यंत पोचले. पुढे एक दुकान होतं, शटर अर्धं खाली ओढलेलं. तिथे शहाण्याला कसलासा वास लागला, त्याने पट्टा तंग केला, आणि घड्याळजी शटरकडे तोंड करून खांब झाले.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, “कधी उघडणार म्हणाले?”

पिशवी घेतलेल्या एक बाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या मागे आणखी चौघं.

“मला काही कल्पना नाही,” घड्याळजी म्हणाले.

“यांनाही सांगितलेलं नाही,” बाईंनी मागे निरोप दिला. रांगेत नाराजी पसरली आणि आणखी दोघं येऊन उभे राहिले.

तेवढ्यात पट्टा सैल झाला. घड्याळजी नियमाप्रमाणे एक पाऊल पुढे गेले. रांगही एक पाऊल पुढे सरकली. शेवटी शहाणा पुढच्या घराकडे वळला, तसं बाईंनी त्यांना हटकलं, “काका, नंबर सोडून चाललात? मग परत मध्ये घुसायचं नाही हं!”

“अहो, मी कुत्र्याला चालायला शिकवतोय.”

“एवढा मोठा झाला आणि चालता येत नाही?” मागून कुणीतरी कळवळून विचारलं.

घड्याळजींनी घर गाठलं तेव्हा कान लाल झाले होते. गॅलरीत त्यांच्या सासूबाई डोळे पुसत बसल्या होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि त्या रोज ‘उद्यापासून’ म्हणत होत्या. आज त्यांनी सगळा तमाशा वरून बघितला होता.

“हसा, आई, हसा,” घड्याळजी म्हणाले.

“हसत्येच आहे. पण जावईबापू, एक सांगू? तुम्ही पट्ट्याचे मुठीला तीन वेढे घेता. मग तो सैल व्हायचा कसा? ओढताय तुम्हीच.”

घड्याळजींना राग आला. मग त्यांनी मुठीकडे बघितलं. तीन वळ स्पष्ट उमटले होते.

“सोडला तर पळून जाईल,” ते हळूच म्हणाले. “लेकीला काय तोंड दाखवू?”

सासूबाईंनी काठी घेतली. “चला, मी येते. पळाला तर मी आडवी पडेन त्याच्यासमोर.”

तिघं खाली उतरले. सासूबाईंच्या काठीच्या चालीने जायचं, म्हणजे घाईचा प्रश्नच नव्हता. घड्याळजींनी एक वेढा सोडला. मग दुसरा. तिसरा सोडताना त्यांनी श्वास रोखला. पट्टा खाली झुलला. शहाण्याने चार पावलांवर मान वळवून बघितलं, हा माणूस मागे आहे ना, आणि मुकाट्याने येऊन त्यांच्या गुडघ्याशी चालू लागला. अंड्याचे दोन तुकडे त्याला लगेच मिळाले.

“मलापण द्या एक,” सासूबाई म्हणाल्या. “मीही शेजारीच चालत्येय.”

हे एका दिवसात जमलं नाही. मांजर दिसलं की शहाणा अजूनही सगळं विसरायचा आणि घड्याळजींना कुंपणात नेऊन ठेवायचा. पण महिन्याभरात तिघं कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊ लागले. घड्याळजींची बायको दवाखान्यातल्या कामाची पाळी संपवून एकदा समोरून आली, तर आई, नवरा आणि कुत्रा एका रांगेत, गप्पा मारत येताना दिसले. गेली कित्येक वर्षं घरात सासू-जावई “जेवण झालं का” यापलीकडे बोलले नव्हते.

“कोण कोणाला फिरवतंय?” तिने विचारलं.

“तू मध्ये बोलू नकोस,” सासूबाई म्हणाल्या, “जावईबापूंची लय तुटते.”