मावशीचा घसरता सूर

छोटीचं दुरुस्तीचं दुकान एका शिंप्याच्या डोक्यावर होतं, म्हणजे पहिल्या मजल्यावर. छोटी हे नाव फक्त मावशीच्या तोंडी, आणि ती तर सगळ्यांचीच मावशी. बाकी सगळे तिला मेकॅनिक बाई म्हणायचे. वय चव्वेचाळीस, चष्मे दोन, एक रस्त्यावर घालायचा आणि एक सर्किटवर. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून हात स्थिर ठेवायची सवय तिने घेतली, आणि दुसऱ्या कुणाचं गबाळं काम दिसलं की ते नीट केल्याशिवाय चैन न पडण्याची खोडही घेतली. सवयीने तिचं पोट चालवलं. खोड एकदा चांगलीच नडली.

दुकानात येणारा माल म्हणजे बहुतेक सिंथेसायझर. तार छेडायची नाही, फुंकर घालायची नाही, विजेलाच गायला लावायचं, असं ते वाद्य. नवे यायचे ते पडद्यात बिघाड घेऊन, जुने यायचे ते सर्वांगाने दुखत. मावशीचा सिंथेसायझर जुन्यातला जुना. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, तीन सप्तकांच्या पट्ट्या, बावीस बटणं. एका वेळी एकच सूर निघायचा. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर तो एकीचंच ऐकायचा.

मावशीचे यजमान टेलिफोन खात्यात होते. त्यांनीच तो कुठूनतरी मोडलेल्या अवस्थेत आणून एक्केचाळीस वर्षांपूर्वी चालू केला होता. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मावशी त्यावर आधी नाटकांना साथ करायची, मग लग्नसमारंभांच्या बँडमध्ये वाजवायची, मग बरीच वर्षं कुणी विचारलंच नाही. साठी उलटल्यावर काही तरुण मंडळींना ती अचानक सापडली. आता एकाहत्तराव्या वर्षी तिचे कार्यक्रम व्हायचे आणि खुर्च्या भरायच्या.

लोक यायचे ते मुख्यतः सुरुवातीसाठी. इतर वादक जुनं यंत्र तासभर आधी तापवून ठेवतात, म्हणजे सूर हलत नाही. मावशी स्टेजवर बसल्यावरच ते चालू करायची आणि खालच्या पट्टीवर बोट ठेवायची. यंत्र तापत जाईल तसा सूर हळूहळू खाली घसरायचा. मावशीचा डावा हात सूर वर-खाली करायच्या बटणावर असायचा. ती त्याला थोडं घसरू द्यायची, मग उचलून घ्यायची, पुन्हा सोडायची. चार मिनिटं हेच. एकाने म्हटलं होतं की मावशीचा सूर रडत नाही, पण आत्ताच रडून तोंड धुऊन आलाय असं वाटतं.

तर एका गुरुवारी मावशी यंत्र घेऊन दुकानात आली. यंत्र उचलून आणलं होतं खटपट्याने. खटपट्या म्हणजे तिचा साथीदार, पस्तिशीचा, नवे सिंथेसायझर वाजवणारा. सतत काहीतरी जोडत-तोडत असतो म्हणून मावशीनेच हे नाव ठेवलं होतं.

"भुंग्यासारखा आवाज येतोय," मावशी म्हणाली. "पुढच्या बुधवारी दुपारी चारला कार्यक्रम आहे. तेवढा भुंगा काढ."

भुंगा काढायला छोटीला तासही लागला नाही. वीजपुरवठ्याच्या भागात दोन कपॅसिटर फुगले होते, ते तिने बदलले. गुणगुण बंद झाली. तिथेच झाकण लावायला हवं होतं. पण झाकण उचलता उचलता दिव्याचा उजेड सूर तयार करणाऱ्या सर्किटवर पडला आणि तिला एक रेझिस्टर दिसला. वाकडा उभा, पाय लांबच लांब, खाली सोल्डरचा हा एवढा गोळा, आणि वर नेलपॉलिशसारखं काहीतरी थापलेलं. यंत्राच्या सर्किटच्या नकाशात तिथे वेगळाच भाग होता. उष्णता ओळखून सूर जागेवर धरून ठेवणारा भाग. कुणीतरी त्याच्या जागी साधा दहा पैशांचा रेझिस्टर ठोकून दिला होता.

कुणाचं हे काम, असा प्रश्न तिच्या मनात आला, पण उत्तराची वाट पाहायला ती थांबली नाही. योग्य भाग तिच्या खणात होता. तिने जुना काढला, नवा बसवला, सोल्डर असं घातलं की बापाने पाठ थोपटली असती. मग कापलेल्या तारांचे तुकडे आणि तो रेझिस्टर फडक्याने एकत्र गोळा करून केराच्या डब्यात टाकले. तीन तास यंत्र चालू ठेवलं. सूर मोजणाऱ्या मापकाचा काटा जागचा हलला नाही. त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवली.

शुक्रवारी मावशी न्यायला आली. बसली, बटण दाबलं, खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. डावा हात सवयीने बटणावर गेला. भुंगा गेला होता. एक मिनिट झालं, दोन झाली. छोटी कौतुकाची वाट बघत उभी होती. चार मिनिटांनी मावशीने बोट उचललं.

"हा उभाच राहिलाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखा. खाली येत नाहीये."

खटपट्याने आपला मापक लावून बघितला आणि हसला. "मावशी, हा आता उद्यापर्यंत इथेच राहील. काय गंमत आहे बघा. माझ्या नव्या मशीनवर जुनेपणाचं बटण आहे. एकवर ठेवलं तर थोडं जुनं, चारवर ठेवलं तर अगदी म्हातारं. सूर मुद्दाम हलवून देतं. आणि तुमचं खरं म्हातारं तरुण होऊन बसलं."

मावशी हसली नाही. "काय केलंस गं छोटी?"

आता इथे छोटीने खरं सांगायला हवं होतं. पण वीस वर्षांत तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि खटपट्या समोर उभा होता. "वीजपुरवठा सुधारला ना," ती म्हणाली. "आता वीज स्वच्छ मिळते. त्यामुळे असेल."

मावशीने मान हलवली. पट्ट्यांवर कापड टाकत ती म्हणाली, "ह्यांनी त्यात काहीतरी घातलं होतं. हवा तो पार्ट मिळत नव्हता. म्हणाले, तात्पुरतं लावतोय, मिळाला की बदलू. ते तात्पुरतं माझ्या लग्नाहून जास्त टिकलं." एवढं बोलून ती जिना उतरली. मागून खटपट्या यंत्र सांभाळत गेला.

छोटी खुर्चीवर बसली. नेलपॉलिश कुणाचं होतं ते आता कळलं. ती उठून केराच्या डब्यापाशी गेली. डबा रिकामा होता. खालच्या शिंप्याचा झाडूवाला दोन्ही दुकानांचा केर शुक्रवारी सकाळीच न्यायचा. तिने जिना उतरून विचारलंही. शिंपी म्हणाला, "काय हरवलं?" ती म्हणाली, "रेझिस्टर." तो म्हणाला, "केवढा?" तिने करंगळीचं नख दाखवलं. शिंपी पुन्हा कापायला लागला.

शनिवार तिने कसाबसा काढला. रविवारी सकाळी ती मावशीच्या घरी गेली. मावशी ओट्याशी उभी राहून घेवडा निवडत होती.

"मावशी, मी खोटं बोलले."

"बस," मावशी म्हणाली. "आणि शिरा नीट काढ, अर्धवट ठेवू नकोस."

छोटीने शिरा काढता काढता सगळं सांगितलं. दिव्याचा उजेड, वाकडा रेझिस्टर, डबा, झाडूवाला. सांगून झाल्यावर मावशीने निवडलेल्या शेंगा पातेल्यात टाकल्या.

"मला विचारलं असतंस तर?" ती म्हणाली.

"कुणा अडाण्याचं काम वाटलं मला."

"होतंच. टेलिफोनवाले ते, त्यांना यातलं काय कळत होतं." मावशीने हात पुसले. "फेकलंस त्याचं वाईट वाटतंय. पण थाप मारलीस त्याचा राग आलाय. दोन्ही वेगळं आहे, एकात एक करू नकोस."

"मी परत तसा लावून देते. किंमत माहीत आहे मला त्याची, रंगाचे पट्टे आठवतात."

दुपारी दोघी यंत्र घेऊन दुकानात गेल्या. छोटीने खणातून त्याच किमतीचा रेझिस्टर काढून लावला. यंत्र थंड होऊ दिलं, मग मावशी बसली. सूर खाली आला, पण टप्प्याटप्प्याने, जिना उतरल्यासारखा. मावशीने मान हलवली. हल्लीचे रेझिस्टर फार चोख असतात, छोटीने सांगितलं, जुना एक्केचाळीस वर्षं तापून तापून मुरलेला होता. मग तिची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे वडिलांचा रेडिओ होता. त्यांनी स्वतः बांधलेला, अजून चालणारा. रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी तो लावायची.

"राहू दे तो," मावशी म्हणाली.

छोटीने ऐकलं नाही. रेडिओ खाली घेतला, मागची पाठ काढली आणि त्यातून तशाच रंगीत पट्ट्यांचे दोन जुने रेझिस्टर सोडवले. पहिला लावला, तर सूर हलेचना. दुसरा लावला. मावशीने बोट ठेवलं, डोळे मिटले, आणि मिनिटभराने तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, हा वर चाललाय."

खरंच वर चालला होता. सावकाश, आत्मविश्वासाने, मुंगी भिंत चढते तसा. मावशी हसायला लागली. आधी गालात, मग खांदे हलेपर्यंत. छोटीलाही हसू आलं, आणि त्यातच डोळे भरून आले, ते तिने चष्मा बदलायच्या निमित्ताने पुसले.

"पुरे," मावशी म्हणाली. "तो नेमका पार्ट परत बसव. ह्यांनाही तोच हवा होता, मिळाला नाही एवढंच. आणि बापाचा रेडिओ आधी बंद कर, उघडा ठेवून जाऊ नकोस."

छोटीने दोन्ही कामं केली. रेडिओ मात्र पुन्हा पहिल्यासारखा बोलला नाही. एक स्टेशन लागायचं ते लागेनासं झालं.

सोमवारी आणि मंगळवारी मावशी आणि खटपट्या तालमीला बसले. छोटीला बोलावलं नव्हतं. बुधवारी ती कार्यक्रमाला गेली ती मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची बघून. वाचनालयाचं सभागृह होतं, पडदे लावले तरी दुपारचं ऊन फटींतून आत येत होतं. दीडशे माणसं असतील.

मावशी बसली. तिने यंत्र आधीच तापवून ठेवलं होतं, हे लाल दिव्यावरून छोटीला दिसलं. बोट पट्टीवर ठेवलं नाही. सुरुवात खटपट्याने केली. त्याने आपल्या नव्या सिंथेसायझरवर खालचा सूर धरला, जुनेपणाचं बटण तीनवर होतं की चारवर देव जाणे, आणि तो सूर भरकटायला लागला. दारू प्यायलेल्या माणसासारखा, कधी इकडे, कधी तिकडे. मग मावशीने आपला सूर लावला. सरळ, स्वच्छ, जागचा न हलणारा. खटपट्याचा सूर त्याच्यापासून दूर जायचा तेव्हा हवेत थरथर उठायची, जवळ आला की ती मंदावायची. मावशीचा डावा हात बटणावर नव्हता. तो मांडीवर होता आणि मधूनमधून त्याची बोटं उगाच हलत होती.

लोकांना कळेना की सुरू झालं की तयारीच चाललीय. दोघे-तिघे उठून गेले. छोटीच्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ शेजारणीला म्हणाला, "हे ते नाही." शेजारीण म्हणाली, "ऐका तरी." तो ऐकत राहिला. पुढे नेहमीच्या रचना झाल्या, त्या नेहमीसारख्याच झाल्या. टाळ्या पडल्या, फार नाही, कमीही नाही.

नंतर स्टेजमागे खटपट्या वायरी गुंडाळत होता. छोटी दारातच घुटमळली. मावशीने तिला हाताने जवळ बोलावलं.

"कसं वाटलं?" छोटीने विचारलं.

मावशीने यंत्रावर कापड टाकलं. "चाळीस वर्षं त्याला पडू नये म्हणून धरत होते. आज धरायला काही नव्हतं. आधी बरं वाटलं. मग थोडा कंटाळा आला."

"मग पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी घसरायचं काम मी याच्याकडे ठेवणार नाही," ती खटपट्याकडे बघत म्हणाली. "फार ओव्हरॲक्टिंग करतो."

"बटण दोनवर ठेवतो ना," खटपट्या म्हणाला.

पुढच्या कार्यक्रमात त्याने ते दोनवर ठेवलं. त्याच्या पुढच्यात मावशीने ती सुरुवातच काढून टाकली. काही जुने श्रोते यायचे बंद झाले, काही नवे येऊ लागले. तो लांब घसरता सूर काही लोकांच्या रेकॉर्डिंगमध्ये राहिला. मावशीने तो पुन्हा वाजवला नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "दुरुस्त झाला" एवढंच सांगायची. कुणी केला, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

छोटीचं दुकान चालूच आहे. गिऱ्हाइकाचं यंत्र उघडल्यावर आत जे विचित्र दिसेल त्याचा ती आधी फोटो काढते, फोन करते आणि विचारते, हे ठेवायचं का. अर्धे लोक म्हणतात, काय ते तुम्हीच बघा. मग ती ठेवते. मावशीचं यंत्रही वर्षातून एकदोनदा येतं. मात्र मावशी ते सोडून जात नाही. झाकण उघडं असेपर्यंत ती समोर खुर्ची टाकून बसते, आणि छोटीने पकड उचलली की विचारते, "काय काढतेयस?"

छोटी सांगते.