अर्थ कुठे लावायचा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली की मी खुर्चीवर, कुकरची शिट्टी अडकली की मी दाराबाहेर. सासूबाई म्हणायच्या, "ममता, तुझ्यासाठी यमाला रेडा काढायची गरज नाही. त्याने नुसतं पत्र टाकलं तरी तू जाशील." त्यांची जीभ तशीच होती. माझ्या हातची भांडी हा तर त्यांचा रोजचा विषय. टोपाचं बूड मी कितीही घासलं तरी त्या ते खिडकीशी उजेडात नेऊन बघणार आणि म्हणणार, "काळं ते काळंच."

साल चौऱ्याण्णव. मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या मागे आम्ही तळमजल्यावर राहायचो. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की चार पावलांचं अंगण, त्यात एक नळ, आणि पलीकडे खाजणाची मोकळी जमीन. हवा इतकी खारट की खिडकीचे गज दर वर्षी रंगवावे लागायचे. अशा हवेत आमच्या ह्यांनी एक जुनी फियाट आणून उभी केली. हे म्हणजे गुणवंत, चर्चगेटला विमा ऑफिसात हेड क्लार्क. रिटायर होताना त्यांच्या साहेबांनी ती देऊन टाकली होती. का देऊन टाकली ते मागच्या सीटवर बसल्याबरोबर कळायचं. पायाखालचा पत्रा गंजून गळून गेला होता आणि खालची फरशी दिसत होती.

गॅरेजवाल्याने बघितलं आणि सरळ भंगारवाल्याचा पत्ता दिला. ह्यांना ते झोंबलं. आईंना त्यांच्या माहेरी, चिपळूणच्या पुढे, स्वतःच्या गाडीतून न्यायचं हे ह्यांचं कधीपासूनचं डोक्यात होतं. म्हणाले, "सडका पत्रा कापायचा, नवा बसवायचा, वेल्डिंग मारायचं. त्यात काय आहे?"

आमच्या घरातली सगळी संकटं 'त्यात काय आहे' ह्या वाक्यापासून सुरू झालेली आहेत.

मशीन घ्यायला मी मुद्दाम बरोबर गेले. भाईंदर ईस्टला एका गुजराती काकांचं दुकान होतं. काका शांत माणूस. त्यांनी तीन प्रकार दाखवले. एक गॅसचा सेट, दोन मोठ्या सिलिंडरांचा. दुसरं एक परदेशी मशीन, त्यातून तार आपोआप पुढे येते आणि शेजारी एक सिलिंडर असतो. तिसरा म्हणजे चाकं लावलेला एक लोखंडी डबा. त्याला ना सिलिंडर ना काही, नुसत्या दोन जाड वायरी आणि वेल्डिंगच्या सळ्या.

"पतला पत्रा है ना साहब, तो ये तारवाला लो," काका म्हणाले. "नया आदमी भी सीख जायेगा. सळीवाले से पत्रे में छेद होगा."

"आणि हा सिलिंडर?" मी विचारलं.

"अगं, त्यात सोडा वॉटरचा गॅस असतो," हे म्हणाले. "पेटत नाही. उलट विझवतो."

"सिलिंडर तो सिलिंडर," मी म्हटलं. "माझ्या घरात एक आहे तोच मला पुरे."

हसू नका. मी अकरा वर्षांची असताना लालबागला आमच्या चाळीत मावशीच्या खोलीतल्या सिलिंडरने पेट घेतला होता. मावशी वाचली, पण हनुवटी आणि गळा एक होऊन बसला. तिला मान वर करता यायची नाही, म्हणून ती आमच्याकडे डोळे वर करून बघायची. ते डोळे मला अजून दिसतात. विजेचं बरं असतं. बटण बंद केलं की संपलं. मी दुकानात हेच वाक्य तीनदा बोलले. शेवटी काकांनी हात जोडले आणि ह्यांनी डबा घेतला. तेव्हा निवड माझी होती, हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी डबा अंगणात आला. त्याची पिन स्वयंपाकघरातल्या गिझरच्या पॉइंटला लावायची ठरली. मी अंगणापासून बटणापर्यंतची पावलं मोजली. सात. मग पुन्हा मोजली. पेट्रोलची टाकी आधीच काढून लांब नेऊन ठेवायला लावली, ती मात्र अक्कल मला होती. गाडीचा रंग ह्यांनी आठ दिवस खरवडून काढला होता आणि ती नुसत्या पत्र्याची, उघडी, चार टायरांवर उभी होती.

मशीनबरोबर इंग्रजीत एक कागद होता. हे तो मोठ्याने वाचायला लागले. एका वायरीला सळी धरायचा चिमटा, आणि दुसऱ्या वायरीच्या चिमट्यावर लिहिलेलं होतं, 'अर्थ'. कागदावर म्हटलं होतं की अर्थ पक्का लावल्याशिवाय मशीन चालू करू नये.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये अर्थ म्हणजे काय हे कोणाला शिकवायला नको होतं. बिल्डरने अर्थिंग केलंच नव्हतं. पहिल्या वर्षी ज्याचा त्याचा फ्रिज शॉक मारायचा. मग सोसायटीने इलेक्ट्रिशियन आणला, त्याने घराघरात एक हिरवी वायर ओढली आणि नळाच्या पाइपाला गुंडाळली. तेव्हापासून मिक्सर आणा, इस्त्री आणा, अर्थ म्हणजे नळाचा पाइप. पोरांनाही पाठ होतं.

"अर्थ नीट लावा हं," मी म्हटलं. "पाइपाला गंज आहे. गंजावर लागत नाही."

"बरोबर बोलतेय ती," आई आतून म्हणाल्या आणि त्यांनीच मला पॉलिशपेपर आणून दिला. मी बसले आणि तो पाइप घासला. जीव ओतून घासला. मला वाटत होतं, मी माझ्या घराची राखण करतेय. वीतभर पाइप चांदीसारखा चमकायला लागला तेव्हा ह्यांनी त्याला चिमटा लावला आणि मी हलवून बघितला. पक्का बसला होता.

मग मी आत जाऊन बटणावर हात ठेवून उभी राहिले. ह्यांनी काळी काच तोंडापुढे धरली, मी बटण दाबलं, मशीन घूं करायला लागलं. ह्यांनी सळी पत्र्याला टेकवली.

काही नाही. ठिणगी नाही, धूर नाही. पुन्हा टेकवली, घासली, आपटली. मशीन आपलं घूं करतंय.

"भंगार मशीन," हे वैतागून म्हणाले. "ताकदच नाही त्यात. तरी काका सांगत होते, पण आमच्या घरात ऐकतंय कोण. थांब, वरच्या मजल्यावरून त्यांना फोन करून येतो." सळीचा चिमटा त्यांनी तसाच गाडीत, पत्र्यावर टाकला आणि गेले.

आणि मी बटणावरचा हात काढला. बटण बंद नाही केलं, नुसता हात काढला. जे चालतच नाही त्याला काय भ्यायचं? सकाळपासून पहिल्यांदा मला हलकं वाटलं. मी पोह्यांना फोडणी दिली.

अकरा वाजता पाणी आलं. आमच्याकडे पाणी यायचं ते पाऊण तास, त्यामुळे नळ खरखरला की आई हातातलं काम टाकून धावायच्या. अंगणात गाडी आल्यापासून नळाशी जायला हातभर जागा उरली होती. मी कढईत पोहे परततेय, आईंची बादली नळाखाली आपटल्याचा आवाज आला, पाणी पडायला लागलं. मग बादली भरली. भरून वाहायला लागली.

आई बादली वाहू देत नाहीत. जन्मात कधी दिली नाही.

मी दारात आले. आई वाकलेल्या होत्या. एक हात नळाच्या तोटीवर, दुसरा आधारासाठी गाडीच्या दारावर, पाय पाण्यात. त्या हलत नव्हत्या. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. नुसते डोळे वर करून त्या माझ्याकडे बघत होत्या. मावशी बघायची तसं.

मी पुढे धावले. खोटं कशाला बोलू, मी आईंना ओढायलाच धावले होते. दोन पावलं गेले असेन, माझा हात त्यांच्या पदरापर्यंत पोचला होता, आणि मला ते घूं ऐकू आलं. मशीन चालू होतं. हात लावला तर मीपण चिकटेन, आणि मग घरात बटण बंद करायला कोणी उरणार नाही, हे मला कसं सुचलं देव जाणे. मी उलटी फिरले. मोजलेली पावलं होती, तीही चुकली. ओट्याला अडखळले, कढई पडली, बटणावर मी मूठच मारली.

घूं थांबलं. मागे बादली उलटल्याचा आवाज झाला, आणि मग नुसतं पाणी पडत राहिलं. मला मागे वळून बघायची हिंमत होईना. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, "आई."

मी कपाळ भिंतीला टेकवलं.

"आई."

"मेला नळ बंद कर," आई म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. "पाणी वाया जातंय."

डॉक्टरांनी दुपारभर त्यांना झोपवून ठेवलं, छातीचा कार्डिओग्राम काढला, म्हणाले नशीब थोर. उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग होता, त्याला पट्टी बांधली. हे पलंगाच्या पायाशी बसून राहिले होते.

संध्याकाळी बाबाजी आले. खाडीकडच्या गावातले, होड्यांचं आणि गेटांचं वेल्डिंग करणारे म्हातारे गृहस्थ. वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी मशीन बघितलं, नळावरचा चिमटा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, ही अर्थ ती न्हाय," ते म्हणाले. "ही गाडीला लावाची हाय. आपण ज्यावर काम करतो त्यालाच. करंट सळीतून जातो नि हितून परत येतो. तुमी एक टोक गाडीला दिला, एक नलाला. मधी कोन आला तर त्यातून जानार. टायरवर गाडी हाय, म्हनून ठिनगी पडली न्हाय. म्हातारीने दोनी टोका जोडली."

मग ते वाकले आणि पाइपावरून बोट फिरवलं. "नि पाइप बी काय घासलाय. गंज असता तर येवढा झटका लागला नसता कदाचित. कोनी घासला?"

हे म्हणाले, "मी." मी दारात उभी होते. तोंडच उघडलं नाही माझं, इतकी मी भ्याले होते.

दुसऱ्या दिवशी अकराला नळ खरखरला. हे ऑफिसला गेलेच नव्हते. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, आणि कोणी उठेना. शेवटी मी बादली घेऊन गेले. मशीनची पिन काढलेली, वायर गुंडाळून ठेवलेली, तरी मी गाडीपासून अंग चोरून उभी राहिले. पाइपावरची ती वीतभर जागा उन्हात चमकत होती. मी तोटीकडे हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. बोटं पुढे जाईनात.

"हो बाजूला," मागून आई म्हणाल्या. त्यांनी मला कोपराने सरकवलं आणि पट्टी बांधलेल्या त्याच हाताने तोटी धरली. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तोटी फिरवली. पाणी पडायला लागलं.

"आई, तो पाइप मी घासला होता," मी म्हटलं. "ह्यांनी नाही."

आईंनी डोळे उघडले. वाकून पाइपाकडे बघितलं, टोपाचं बूड बघतात तसं, मान तिरकी करून, उजेडात.

"मला काय माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांत एवढं स्वच्छ तू पहिल्यांदाच काही घासलंस." मग त्यांनी माझं मनगट पकडलं, आणि धरूनच ठेवलं. "बादली लाव. पाणी जाईल."