पाखऱ्याची जखम

मित्रांनो, मी एक जुनी पराणी आहे. पराणी म्हणजे बैल हाकायची काठी. तिच्या टोकाला बारीक लोखंडी आर असते. निजामाच्या अमलात धारूरच्या सुग्रीव लोहाराने माझी आर बसवली, ती ज्वारीच्या दाण्याएवढीच. "मुंजाजी, बैलाला नुसतं कळलं पायजे, रगत न्हाई निगालं पायजे," असे त्याने माझ्या मालकाला बजावले.

बारा वर्षे आम्ही ती मर्यादा पाळली. मुंजाजी मला नुसता टेकवायचा आणि पाखऱ्या बैल पाऊल उचलायचा. गावभर या मालक-बैलाचे कौतुक होई. मीही जरा फुशारले होते.

मग मुंजाजीची लेक सत्यभामा तापाने फणफणली. हकीमसाहेब वर धारूरला. पोरीला एकबैली गाडीत घालून निघालो, तर घाटाच्या चढणीवर पाखऱ्या बसला. मुंजाजीने माझी आर उपटली आणि गाडीतला बोटभर मोडका खिळा दगडाने ठोकून बसवला. पहिल्याच टोचणीला पाखऱ्या धडपडत उठला. तिथेच थांबायचे होते. पण भेदरलेला मुंजाजी घाट संपेपर्यंत टोचतच राहिला. पाखऱ्याचे गरम रक्त माझ्या अंगावरून ओघळले. मी कडाकडा मोडून का पडले नाही?

पोरगी आठ दिवसांत खेळू लागली. पाखऱ्याची जखम मात्र चिघळली. मुंजाजी गोठ्यात बसून रडला. "देवा, माज्या मुक्या जनावराला कावून येवढं दुखणं दिलंस?"

त्याची बायको साखराबाई कडुनिंबाच्या पाण्याने जखम धूत होती. ती म्हणाली, "देवानं पोरीला ताप दिला, पर जीव ऱ्हाईल येवढाच. हितं देवाला कावून बोल लावता? बैल उठल्यावर तुमचा हात का थांबला न्हाई?"

मीही त्याच हातात होते.

देव दुःख का देतो, हे माझ्यासारख्या काठीला काय कळणार? पण तो कुठेतरी थांबतो आणि आम्ही थांबलो नाही, एवढे मला कळले. तेव्हापासून माझे मन मला खाते आहे.

पाखऱ्या बरा झाला. मुंजाजी आता मला हात लावत नाही. मी गोठ्याच्या कुडाला टांगलेली आहे. वाऱ्याने जराशी हलले, तरी पाखऱ्या तोंडातला घास न चावता उभा राहतो. मित्रांनो, कोणी इकडे आलात तर मला चुलीत घाला, त्याला पोटभर खाऊ द्या.