निर्मलाबाईच्या बाजूची जागा

दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. चिखल्याच्या कब्रस्तानात रीना कमरेवर हात ठेवून उभी होती आणि सासूची, निर्मलाबाईची, कबर काही तिला सापडत नव्हती.

सापडेल कशी? पावसानं मातीचे उंचवटे बसले होते, लाकडी क्रूस वाळवीनं फस्त केले होते. दरवर्षी या दिवसाआधी गवत उपटायचं, माती चढवायची, चुना मारायचा, हे काम सुनेचं. सासरे दानियलबाबा गुडघ्यांपायी घरीच. ते मेणबत्ती हातात द्यायचे, रीना "हो मामाजी" म्हणायची, बाजार करायची आणि मेणबत्ती चर्चच्या पायरीवर टेकवून घरी यायची. चुना मारला, फुलं वाहिली, असंही वरून सांगायची. मेलेल्या माणसाला काय कळतंय, असं रीनाचं मत. जिवंत माणूस एखाद्या वर्षी ऑटोत बसून येईल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

आज ते आले होते. मोतीबिंदूनं नजर गेलेली, खाणीच्या धुळीनं छाती भरलेली. "दिसली काय, रीना?"

"हे काय, मामाजी," ती बोलून गेली, आणि एका उंचवट्याशी तिनं त्यांना बसवलं.

बाबांनी माती चाचपली, मेणबत्ती रोवली, प्रार्थना म्हटली. मग कबरीशी गप्पाच मारत बसले. छप्पर गळते, दात पडले, सून लेकीपेक्षा बरी हाय. रीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मले हिच्याच बाजूले ठेवजो," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी येशूनं हाक मारली का उठल्याबरोबर हिचंच तोंड दिसलं पाह्यजे."

आता मात्र तिला राहवेना. "मामाजी, हे कबर मायची हाय का दुसऱ्या कोनाची, मले मालूम नाही. मी कधी आलीच नाही इथं."

परक्या बाईच्या अंगावरून उचलावा तसा बाबांनी मातीवरचा हात उचलला. पलीकडून फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत येत होते.

"देव तिले नावानं उठवन," मग बाबा म्हणाले. "मंग ती मले शोधनच. त्याची मले फिकर नाही." त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "पन तवापर्यंत मी कोनापाशी निजू, पोरी?"