मानलेल्या बहिणीची ओवाळणी

गोकुळाला भाऊ एकच, सुरेंद्र. आणि सुरेंद्रला बहीण एकच, असं ती यंदाच्या भाऊबीजेच्या सकाळपर्यंत धरून चालली होती.

त्या सकाळी ती चुलीवर शिंगाडे उकडत होती. भावाला आवडतात म्हणून नवऱ्याला, इस्तारीला, तिनं ते काढायला पहाटेच गावच्या जुन्या मालगुजारी तलावात उतरवलं होतं. तो बिचारा अजून कुडकुडत होता. तेवढ्यात रीना, तिची लेक, मोबाइल घेऊन आली. "माय, मामाचं स्टेटस पाय."

फोटो वरोऱ्याचा. सुरेंद्र पाटावर, डोक्यावर रुमाल, आणि समोर ताट घेऊन डिंपल. डिंपल म्हणजे त्याच्या घरमालकाची पोरगी. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी सुरेंद्र तिथल्या एका कापसाच्या जिनिंगवर कामाला लागला, त्यांच्याच खोलीत राहू लागला, आणि डिंपलला भाऊ नाही म्हणून तिनं ह्याला भाऊ मानला. मानो बापडी. पण ताटात सुपारीशेजारी चांदीचं नाणं होतं, लक्ष्मीचं. रीनानं दोन बोटांनी मोठं करून दाखवलं, कार्टीला तेवढंच येतं.

"पंधरा दिवसात चांदी," गोकुळा म्हणाली. "आन् मी पंधरा वर्षं वाढवला, तवा?"

"देऊ दे ना वं," इस्तारी म्हणाला. "तुलेबी आणन."

"मले कायले आणते? मी तं घरचीच होय."

झालं. अंगाचा नुसता तिळपापड. माय गेली तेव्हा सुरेंद्र पाच वर्षांचा आणि गोकुळा तेराची. त्याचा शेंबूड काढला हिनं, गोवरात रात्री जागली ही, त्याच्यासाठी शाळा सोडली हिनं. आणि लक्ष्मी निघाली डिंपलच्या ताटात! चांदीची हाव नव्हती हो तिला. तिला पहिला नंबर हवा होता, आणि तो कुणीतरी पंधरा दिवसात पळवला, हे तिला सहन होईना. शिंगाडे करपले तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुपारी मूल गावाहून येणाऱ्या एसटीनं सुरेंद्र आला. हातात शेवेचं पाकीट. बाकी हात रिकामे, हे गोकुळानं दारातूनच पाहून घेतलं.

"बाई, दुबळी दिसून राह्यली," तो म्हणाला.

"दिसन नाई तं काय. बस पाटावर."

ओवाळणं बघायला शेजारची बुधरी येऊन बसली होती. तिच्यासमोरच गोकुळानं कुंकू लावलं, तांदूळ चिकटवले, दिवा फिरवला. सुरेंद्रचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच घुटमळला. मग मात्र तिला राहवेना. तिनं पदराची गाठ सोडली, एक रुपयाचं नाणं काढलं आणि त्याच्या मुठीत कोंबलं.

"घे, टाक हाच," ती म्हणाली. "तिकडं चांदी वाटून आला, इथी टाकाले काय उरलं असन तुयाजवळ?"

टोमणा चांगला धारदार होता. बुधरीनं ऐकला, इस्तारीनं मान खाली घातली. पण ज्याला मारला तो सुरेंद्र हसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. लहानपणी गोकुळा असंच करायची. पोराच्या हातात काही नसायचं, म्हणून ओवाळायच्या आधी गुपचूप आपलाच रुपया त्याच्या मुठीत द्यायची, आणि मग तोच ताटातून उचलून, भावानं दिला म्हणून गावभर दाखवायची. दोघांशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं. इस्तारीलासुद्धा नाही.

सुरेंद्रनं रुपया ताटात टाकला. "मले वाटे, तू विसरली असशीन."

"बोलू नको मायासंग."

"खरंच बाई, खिशात गाडीभाड्याचेच पैसे हायेत. पगार पुढच्या महिन्यात. ते चांदीचं मायं नोतं."

"मंग कोनाचं?"

"डिंपलचंच. तिच्या बापानं धनतेरसले आणलं. तिनं देवघरातून उचललं आन् ओवाळाच्या आंधी माया मुठीत देल्लं." तो कौतुकानं सांगत होता. "मीच सांगितलं होतं तिले, तू लहानपणी कशी करे ते. ऐकून रडली बिचारी. म्हणे, मीबी तसंच करीन."

गोकुळा ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. बुधरी म्हणाली, चांगली हाय पोरगी. इस्तारीही सुटल्यासारखा हसला. नवऱ्याला आणि शेजारणीला आता सगळं कळलं होतं, वरोऱ्यात तर आधीच.

"काय झालं बाई? तुयं चांगलंच सांगितलं ना मी."

गोकुळानं ताट खाली ठेवलं.

"चांदीचं नाणं द्याचं होतं तिले, सुरेंद्र," ती म्हणाली. "दोन द्याचे होते. हे आपल्या दोघायचं कायले देल्लं?"