एका घराला एक कार्ड

“पाणी ताम्हनात पडलं की संकल्प झाला. मग कुणी कितीही गोड बोललं तरी मागे फिरायचं नाही, कळलं?” आईने हे सांगितलं तेव्हा सुलक्षणा नऊ वर्षांची होती आणि संकल्प होता श्रावणातल्या सोमवारांचा. सदतिसाव्या वर्षी, आखातात, अल ऐनच्या फ्लॅटमध्ये, समोरच्या सोफ्यावर आत्माराम नेरूरकर बसलेले असताना तिला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

नेरूरकर गोडच बोलत होते. कंत्राटदार माणूस. गावातली निम्मी मराठी कुटुंबं त्यांच्या कंपनीच्या व्हिसावर आलेली. शाळेच्या कमिटीवर पालकांचा प्रतिनिधी म्हणून सहा वर्षं तेच होते आणि सहा वर्षांत त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नव्हतं.

“वहिनी, अर्ज मागे घ्या. तुम्ही देवधर्म करणाऱ्या बाई. तिथे मीटिंगला काय रणकंदन चालतं, विचारा आमच्या धनंजयला.”

धनंजय, सुलक्षणाचा नवरा, त्यांच्याच ऑफिसात परचेस बघायचा. तो बशीतली बिस्किटं सारखी करत राहिला.

“अर्ज देवापुढे ठेवून मग दिलाय, भाऊ,” सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज मुळात इतका हळू की नेरूरकरांना पुढे वाकावं लागलं. “बसमध्ये एक बाई ठेवायचं आज कबूल करा. उद्या सकाळी मी अर्ज मागे घेते.”

“करू की. इन्शाल्ला.” नेरूरकर हसत उठले. त्यांनी हा शब्द उच्चारला की ते काम होत नाही, हे त्यांच्या अख्ख्या कंपनीला ठाऊक होतं.

बसमधल्या बाईचं कारण असं. एप्रिलच्या शेवटी, खालच्या मजल्यावरच्या ममताची पाच वर्षांची पर्णिका बसच्या मागच्या सीटवर झोपून गेली. ड्रायव्हर इद्रीसने मुलं उतरवली, बस आवारात उन्हात लावली, दारं बंद केली. नमाजाची चटई आत राहिली म्हणून तो परत गेला, तेव्हा पोर खिडकीशी निपचित पडलेली. दोन दिवस इस्पितळात होती. वाचली. शाळेने इद्रीसचा पगार कापला आणि प्रकरण मिटवलं. तो स्वतः ममताच्या दारात येऊन रडला होता. “बाजी, पचास बच्चे हैं. मैं सड़क देखूँ या बच्चे गिनूँ? एक औरत बिठा दो, बस.”

पर्णिका बरी झाली, पण बस दिसली की जिन्याच्या कठड्याला मिठी मारून बसायची. बोटं सोडवता सोडवता ममता रडकुंडीला यायची. त्यातल्याच एका सकाळी सुलक्षणा जिन्यात तिच्याजवळ बसली.

“तुझ्या बसमध्ये एक मावशी बसणार आहे. सगळी उतरली का बघेल, मग शेवटी ती उतरेल.”

“कधी?”

निवडणूक शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी होती. “शनिवारी,” सुलक्षणा म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

लहान पोराला तारीख सांगू नये. पण तेव्हा तिला खात्री होती. रोजचा जप आटोपला की ती घराबाहेर पडायची, उपासाच्या दिवशी ताकाच्या घोटावर, आणि कुंकू लावून घेत एकेका घरात बसायची. एकाही बाईने नाही म्हटलं नाही. “वहिनी, आमचं मत तुमचंच. पोरं काय नेरूरकरांची आहेत?” हळदीकुंकवाला एकदम बावीस जणी जमल्या आणि चार मल्याळी बायकाही आल्या. धनंजयनेसुद्धा तिच्या पत्रकाचं इंग्रजी सुधारून दिलं. लाल पेनने, मन लावून, रात्रीची जेवणं झाल्यावर टेबलाशी बसून.

चूक एकच झाली, आणि ती तिच्या अकरा वर्षांच्या गिरिजाने आधीच बोलून दाखवली होती. “आई, धिस इज सो सिली. यू कॅन स्टँड, बट यू कान्ट व्होट?”

नियम तसाच होता. एका घराला एक मत, आणि ते फीच्या कार्डावर. कार्डावर फोटो मुलाचा, पण नाव बापाचं, कारण व्हिसा बापाचा. त्याला यायला जमलं नाही तर सहीची चिठ्ठी जोडून कार्ड दुसऱ्याच्या हाती पाठवता येई.

“अगं, बाबा देतील की,” सुलक्षणा हसून म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी आठला ती शाळेच्या हॉलमध्ये उमेदवाराच्या खुर्चीवर बसली. “तू पुढे हो, मी कार्ड घेऊन येतोच,” धनंजय म्हणाला होता. नऊनंतर बायका येऊ लागल्या. गजरे नव्हते, पण साड्या ठेवणीतल्या. आत येऊन हात हलवायच्या आणि भिंतीशी उभ्या राहायच्या. टेबलाकडे कुणी जाईना.

शेवटी ती उठून ममताजवळ गेली. “अगं, मत दे ना.”

“कार्ड कुठाय, वहिनी? ह्यांनी परवाच ऑफिसात जमा केलंय. सगळ्यांचीच घेतली म्हणे.”

सुलक्षणाने भिंतीशी उभ्या बायकांकडे बघितलं. एकीने पदर सारखा केला, दुसरीने नजर फिरवली.

साडेअकराला नेरूरकर आले. टेबलाशी जाऊन त्यांनी सफारीच्या खिशातून रबर लावलेला एक जाड गठ्ठा काढला, मग दुसऱ्या खिशातून दुसरा. निवडणूक अधिकारी, म्हणजे शाळेचेच गणिताचे सर, एकेक चिठ्ठी उलगडून सही बघू लागले. उमेदवार म्हणून तिलाही बघायचा हक्क होता. ती टेबलाशी उभी राहिली. दुसऱ्या गठ्ठ्यात, वरून तिसरं कार्ड गिरिजाचं होतं. कोपऱ्यात दोन वेण्यांचा फोटो. तो काढायला बाजारातल्या स्टुडिओत तीच घेऊन गेली होती. चिठ्ठीवर धनंजयची सही, खाली नेहमीसारखे दोन ठिपके.

त्याच्याखालचं कार्ड पर्णिकाचं.

“काय वहिनी, आज शुक्रवार, उपास असेल,” नेरूरकर म्हणाले. “निदान सरबत तरी घ्या. स्पोर्ट्समन स्पिरिट पाहिजे.”

“उपास आहे,” ती म्हणाली, आणि सगळी कार्डं बघून होईपर्यंत तिथून हलली नाही.

दोनशे चौदा विरुद्ध एकतीस. एकतीसातली मल्याळी किती आणि मराठी किती, ह्याचा तिने विचार केला नाही. नेरूरकरांच्या भाषणात बसचा विषय आला. पुढच्या वर्षी विचार करू, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

घरी धनंजय टीव्हीसमोर होता. टीव्ही बंद होता.

“साहेबांनी सगळ्यांचीच मागितली,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “मी एकटा नाही म्हणू? व्हिसा कुणाच्या हातात आहे? उद्या खलास, जा परत म्हटलं तर गिरिजाची शाळा, घर, काय करणार आहेस तू?”

“ते कळतं मला. म्हणाला असतात तर अर्ज मागे घेतला नसता, पण तुमच्या कार्डाची वाट बघत बसले नसते.”

“सांगणारच होतो.”

“मग पत्रकाचं इंग्रजी कशाला सुधारलंत?”

त्याने खरंच विचार केला. “आता... चुकीचं कसं जाऊ द्यायचं?”

तिला हसूच आलं, आणि ते हसू बघून धनंजय आंघोळीला निघून गेला. भर दुपारी.

संध्याकाळी तिने दिवा लावला, उपास सोडला नाही. माळ हातात घेतली, पण मणी पुढे सरकेना. चौदा वर्षं ह्या घरात तिचं सगळं देवाशीच बोलून व्हायचं. आज त्याच्याशीही बोलावंसं वाटेना. तरी एकशे आठ पुरे केले. सवयीने होतात.

ममता वर आली, डोळे सुजलेले. “माझ्या पोरीच्या बापाने दिलं, वहिनी. तिच्याच बापाने. मी त्यांना म्हटलं, इस्पितळात तुम्ही रडला होतात ना? तर म्हणे, ते वेगळं.” डोळे पुसून ती म्हणाली, “पर्णिका मघापासून विचारतेय, उद्या मावशी येणार ना. काय सांगू तिला?”

“सांग, येणार.”

“कोण येणार?”

सुलक्षणाने माळ डबीत ठेवली. “तिला चिंचेची गोळी आवडते का आवळ्याची?”

शनिवारी पहाटे तिने पूजा आटोपली, धनंजयचा डबा भरला, झाकणाला कापड बांधलं. दोन पोळ्या जास्त घातल्या, तशा रोजच घालायची. मग सुती साडी नेसली, पाण्याची मोठी बाटली भरली, हजेरीसाठी जुनी वही आणि पेन्सिल पिशवीत टाकली.

गिरिजा दप्तर घेऊन दारात आली आणि पिशवीकडे बघून थबकली. “आई, नो. प्लीज. एव्हरीवन विल सी.”

“बघू दे.”

“वे‌अर विल यू इव्हन सिट?”

“सगळ्यात मागे.”

बेडरूममधून धनंजयने विचारलं, इतक्या लवकर कुठे? शाळेची परवानगी, नेरूरकर, ऑफिसात काय सांगायचं, असं पुढेही काही तो बोलत होता. तिने चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागली. खालच्या मजल्यावर कठड्यापाशी दोन लहान बूट दिसले.